विदर्भातल्या आवारात रानासारखी बाग: आखणी, लागवड आणि पहिली तीन वर्षं

जुलैत विदर्भातलं कुठलंही आवार छान दिसतं. नर्सरीतून काहीही आणून लावलं तरी जगतं. म्हणून बाग आखायची ती मे महिना डोळ्यापुढे ठेवून. पारा ४५ च्या वर, विहीर तळाला, नळ दोन-तीन दिवसांआड आणि काळ्या जमिनीत हात जाईल एवढ्या भेगा. अशा दिवसांत जी झाडं थोड्या पाण्यावर तग धरतात किंवा पानं टाकून सरळ झोपी जातात, ती कमी मेहनतीच्या बागेची झाडं.

अशा बागेत लॉन नसतं. गवताचे झुबके, त्यांच्यात मिसळलेली फुलझाडं, मागे झुडपं आणि वर एक-दोन मोठी झाडं. पावसाळ्यात ती दाट हिरवी असते, दिवाळीच्या सुमारास सोनेरी होते, होळीआधी कापली जाते आणि उन्हाळ्यात खाली तपकिरी, वर बहाव्याची पिवळी झुंबरं. मे महिन्यातही पायाखाली हिरवागार गालिचा हवा असेल तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही. कमी मेहनत म्हणजे बिनमेहनतीची बाग, असंही समजू नका. पहिली दोन वर्षं निंदण आणि पाणी करावंच लागतं. तिसऱ्या वर्षापासून काम वर्षाकाठी चार-सहा दिवसांवर येतं.

आधी जमीन बघा

विदर्भ एकसारखा नाही. अकोला-बुलडाण्याकडे वर्षाला साधारण ७५० ते ८०० मिमी पाऊस, तर गडचिरोलीत १३०० मिमीच्या वर. जमीनही तशीच बदलते. झाडांची यादी करण्याआधी आवारात दोन ठिकाणी सब्बलीनं एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या आणि पाण्यानं भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर निचरा नाही. ही परीक्षा काळ्या जमिनीत उन्हाळ्यात करू नका. पाणी भेगांतून निघून जातं आणि जमीन निचऱ्याची आहे असा समज होतो. चार-पाच चांगले पाऊस होऊन भेगा मिटल्यावरच खरं काय ते कळतं.

भारी काळ्या जमिनीतली सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन-तीन फुटांचा खोल खड्डा करून त्यात शेणखत, वाळू आणि लाल माती भरणं. आजूबाजूची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि भुसभुशीत खड्ड्यात पाणी साचतं. रोप ऑगस्टमध्ये पिवळं पडतं, माणसं त्याला आणखी खत घालतात आणि सप्टेंबरात ते मरतं. काळ्या मातीत खड्डा उथळ आणि रुंद हवा: खोली पिशवीएवढीच, रुंदी तिच्या तिप्पट. निघालेली मातीच परत भरा, फार तर एक घमेलं कुजलेलं शेणखत वरच्या थरात मिसळा. त्याहून चांगलं म्हणजे मुरूम आणि माती निम्मी-निम्मी घेऊन एक ते दीड फूट उंच, पाच-सहा फूट रुंद असे पसरट उंचवटे करायचे आणि झुडपं-झाडं त्यावर लावायची. सपाट आवाराला चढउतारही मिळतो.

बरड, मुरमाड जमिनीत याच्या उलट. तिथे पाणी थांबत नाही आणि मुळांना वाट सापडत नाही. एप्रिलमध्येच २ × २ × २ फुटांचे खड्डे घेऊन उन्हात तापू द्या. मृगाआधी तळ्यातला गाळ दोन भाग, निघालेला मुरूम एक भाग आणि दोन घमेली शेणखत असं भरा. उधई (वाळवी) असेल तर खड्ड्यात पाव किलो निंबोळी पेंड टाका. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या पट्ट्यात बांधाची जागा चांगली आणि बांधीची, म्हणजे धानाच्या खाचराची, जागा ओली. तिथे उंचवटे लागतातच.

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात, अडचण जमिनीपेक्षा पाण्याची जास्त आहे. बोअरचं खारं पाणी नव्या रोपांना दिलं की पानांच्या कडा करपतात आणि मातीचा वरचा थर चोपण, म्हणजे कडक आणि पाणी न मुरणारा, होतो. इथे छतावरचं पाणी साठवल्याशिवाय सुरुवातच करू नका. हजार चौरस फूट छतावर ७५० मिमी पावसात ५५ हजार लिटरच्या आसपास पाणी हाती येऊ शकतं. बागेला त्यातलं किती लागतं, त्याचा हिशेब पुढे आहे.

आणखी एक. काळ्या जमिनीत चुनखडी असते, त्यामुळे माती अल्कधर्मी असते आणि लोह असूनही झाडाला मिळत नाही. एक्झोरा, गार्डेनिया यांसारखी शोभेची झाडं इथे पिवळट पानं घेऊन रडत राहतात. फेरस सल्फेटचे फवारे मारत बसण्यापेक्षा ती लावूच नका.

फक्की टाकून आखणी

कागदापेक्षा जमिनीवर आखा. ओसरीत रोज जिथे बसता तिथे बसा आणि दुसऱ्याला फक्की (पांढरी भुकटी) टाकायला सांगा. झाडाच्या जागी बांबू उभे करा आणि दुपारी चारच्या उन्हात सावली कुठे पडते ते बघा. विदर्भात भिंत तापते ती पश्चिमेकडून, म्हणून मोठं झाड पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला हवं. पण काळ्या जमिनीत घराच्या भिंतीपासून निदान २० फूट लांब. झाडाची मुळं पायाजवळची ओल शोषतात, माती आकसते आणि भिंतीला तडे जातात. वड, पिंपळ, उंबर तर सेप्टिक टँकच्या आणि पाइपलाइनच्या आसपास नकोतच.

घराभोवती दहा फुटांचा पट्टा मोकळा ठेवा: सारवलेलं अंगण, फरशी किंवा चोपलेला मुरूम. याबाबतीत तडजोड नको. उंच गवतात उंदीर येतात, उंदरांमागे घोणस आणि नाग येतात. लाकडांचा ढीग, विटांची थप्पी आणि दगडांची रास या पट्ट्यात ठेवू नका. बागेतली वाट चार फूट रुंद हवी, म्हणजे दोन्ही बाजूंचं गवत झुकलं तरी पाय कुठे पडतो ते दिसतं. काळ्या जमिनीवर नुसता मुरूम टाकला तर तो एका पावसाळ्यात चिखलात जिरतो. सहा इंच माती काढा, चार इंच विटांचे तुकडे किंवा गिट्टी दाबून बसवा, वर तीन इंच मुरूम टाकून दुरमूस करा. मध्यभाग एक इंच उंच ठेवा.

रानासारखी बाग आणि माजलेलं रान यांत फरक दिसला पाहिजे, नाहीतर गावात पहिल्याच पावसाळ्यात ‘यांच्या घरी निंदायला माणूस मिळत नाही का’ असं विचारतील. फरक दाखवायचा सोपा उपाय म्हणजे कड. वाटेच्या दोन्ही बाजूंनी दगडांची एक ओळ आणि तिच्या आत दीड फुटाचा पट्टा, ज्यात गवत नेहमी घोट्याखाली कापलेलं. कड नेटकी असली की आतला मोकळेपणा मुद्दाम ठेवलेला वाटतो. दुसरा उपाय म्हणजे पुनरावृत्ती. बारा प्रकारची एकेक रोपं न लावता चार-पाच प्रकार निवडा, प्रत्येकाचे पाच-सात रोपांचे पुंजके करा आणि तेच पुंजके तीन ठिकाणी पुन्हा येऊ द्या. नाल्याकाठी किंवा धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बघितलं तर झाडं अशीच वाढलेली दिसतात: एका जातीची दाटी, मग तुरळक, मग पुन्हा दाटी.

काय लावायचं

मोठी झाडं कमी ठेवा. लहान आवारात दोन पुरेत. बहावा जवळपास सगळीकडे चालतो. निचऱ्याच्या जागी लावा, एप्रिल-मेमध्ये फुलतो. आपटा आणि कांचन मध्यम उंचीचे. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत पळस सगळ्यात भरवशाचा, पण त्याची घाई चालत नाही. पळसाचं रोप सुरुवातीची काही वर्षं उन्हाळ्यात वरून वाळतं आणि पावसाळ्यात बुडातून पुन्हा फुटतं. मेलं समजून उपटू नका. बरडावर चारोळी, अंजन, सीताफळ, बोर. खारपाणपट्ट्यात कडुनिंब, हिवर, बोर. कडुनिंबाला साचलेलं पाणी सोसत नाही हे लक्षात ठेवा. मोहा लावायचा तर मोठ्या आवारात, आणि पुढच्या पिढीसाठी.

गुलमोहर टाळा. उन्हाळी वादळात त्याच्या फांद्या मोडतात आणि खाली काही धड वाढत नाही. सुबाभूळ एकदा आली की बियांमधून दरवर्षी शेकड्यांनी उगवते. रायमुनियाची (घाणेरीची) फुलं सुंदर असतात, फुलपाखरंही येतात, पण ती शेजारच्या धुऱ्यावर, तिथून झुडपी जंगलात जाते. बेशरमही तशीच. पिवळा कॉसमॉसही नको. बी फेकून तो बाकीच्या रानफुलांना दाबतो.

झुडपं हा बागेचा कणा. तरवड कोरड्या मुरमाड जागेसाठी, जवळजवळ वर्षभर पिवळी फुलं देतो. निर्गुडी कुठेही. तिला शेळ्या फारशा खात नाहीत, म्हणून फाटकाजवळ आणि कुंपणाच्या ओळीत लावा. अडुळसा अर्धसावलीत, हिवाळ्याच्या अखेरीस पांढरा फुलतो. धायटी उताराच्या, दगडाळ जागी. फेब्रुवारीत पानगळीच्या काळात तिच्या लालभडक फुलांवर शिंजीर पक्षी येतात. मुरुडशेंग पावसाळ्यात फुलते आणि पिळदार शेंगा पुढे बराच काळ लटकत राहतात. कोरांटी दिवाळीच्या आसपास पिवळी होते, काटेरी असल्याने वाटेपासून तीन फूट आत. करवंद कुंपणाला. कढीपत्ता आणि पारिजातक घराच्या बाजूला, कारण त्यांना बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त पाणी लागतं. पांढरी किंवा गुलाबी कण्हेर उन्हाळ्यात फुलते आणि जनावर तिला तोंड लावत नाही, पण ती विषारी आहे. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नका.

गवताशिवाय ही बाग होत नाही. निम्मी जागा गवताला द्यायची. काळ्या जमिनीत मारवेल: कमरेच्या आत राहते, गुरांना चालते, ठोंबांपासून लागते. मुरमाड जागी तिखाडी, ज्याला रोशा गवत म्हणतात. फुलोऱ्यात माणसाएवढी उंच होते, म्हणून मागे लावा. वासामुळे जनावरं तिला सहसा सोडून देतात. ओलसर जागी वाळा. कुसळी हिवाळ्यात उन्हात चमकते, पण कुसळं कपड्यांत आणि पायांत घुसतात, म्हणून ती मागच्या कुंपणालगत, जिथे मुलं खेळत नाहीत. कुंदा आणि लव्हाळा यांना गवत म्हणून जागा देऊ नका. हरळी फक्त वाटेच्या कडेच्या पट्ट्यात ठीक आहे, कारण तिथे ती नेहमी कापली जाते.

गवताच्या मधून येणारी झाडं दोन प्रकारची. पहिली कंदाची: रानहळद, पांढरी मुसळी, कळलावी, पावसाळी लिली. ही पावसासोबत वर येतात आणि उन्हाळ्यात जमिनीखाली झोपतात, त्यामुळे त्यांना मे महिन्यात पाणी मागायची सवयच नाही. कळलावीचा कंद फार विषारी आहे. लहान मुलं असलेल्या घरात ती लावू नये. जिथे रानडुकरं येतात तिथे कंद घराच्या बाजूला लावा, नाहीतर एका रात्रीत पट्टाच्या पट्टा नांगरल्यासारखा होतो. दुसरा प्रकार आपोआप बी पडून उगवणारी: तेरडा, गुलबास, कोंबडा, तीळ, देशी झेंडू. पहिल्या वर्षी बी टाका, पुढे तीच आपली जागा शोधतात.

फुलपाखरं हवी असतील तर अळ्यांच्या झाडांचाही विचार करा. पिवळसर-पांढरी फुलपाखरं बहावा आणि तरवडावर अंडी घालतात, लिंबाची काळी-पिवळी फुलपाखरं कढीपत्त्यावर आणि बेलावर, तर नारिंगी, काळ्या कडांची रुईवर. पानं खाल्लेली दिसली की फवारा काढू नका. या झाडांना त्यानं काही होत नाही.

३० × ४० फुटांसाठी हिशेब

घर तीस फुटांच्या बाजूला आहे असं धरू. दहा फुटांचा मोकळा पट्टा ३०० चौरस फूट आणि पुढची वाट १२० चौरस फूट. उरतात ७८० चौरस फूट. त्यासाठी:

- झाडं २, भिंतीपासून २० फुटांवर, एकमेकांत १५ फूट
- झुडपं १४, तीन-चार प्रकारची, प्रत्येकाला साडेतीन-चार फूट व्यासाची जागा
- गवताचे ठोंब १७५, दीड फुटावर
- कंद आणि बारमाही फुलझाडं १३०, एकेक फुटावर, पाच-सातच्या पुंजक्यांत
- उरलेले ९० चौरस फूट बियांसाठी. तीळ, कोंबडा, तेरडा मिळून दोन-तीन चमचे बी खूप झालं, बारीक वाळूत मिसळून फेका

पहिल्या वर्षी हे विरळ वाटेल. तरीही झुडपं अधिक दाट लावू नका. तिसऱ्या वर्षी एकमेकांवर चढतात आणि कापत बसावं लागतं. दाटी करायचीच असेल तर गवताची करा, कारण उघडी जमीन म्हणजे तणाला आमंत्रण.

रोपांसाठी आधी वनविभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिका बघा. बहावा, आपटा, करवंद, सीताफळ तिथे बहुधा मिळतात. झाडं ओळखता येत नसतील तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, किंवा एखाद्या जाणत्या वैदूला धुऱ्यावरून फिरवून आणा. जंगलातून झाडं आणि कंद उपटून आणणं कायद्यातही बसत नाही आणि ती जगतही नाहीत. बी मात्र गावच्या रस्त्याकडेला भरपूर मिळतं. बहाव्याचं बी कडक असतं. कानशीनं एक कड घासून रात्रभर पाण्यात ठेवल्याशिवाय ते लवकर उगवत नाही. तरवडालाही तेच करा. निंबोळी आणि मोहाची टोळी (मोहाचं बी) यांचं उलट आहे: गोळा केल्यापासून दोन-तीन आठवड्यांत पेरली नाही तर बी मरतं. निर्गुडीची पेन्सिलएवढी जाड, वीतभर फांदी पाऊस लागल्यावर मातीत खोचली तरी लागते. पांगाऱ्याच्या जाड फांद्याही अशाच लागतात.

तण आधी, लागवड नंतर

बाग फसण्याचं पहिलं कारण पाणी नसून तण आहे. कुंदा आणि लव्हाळा असेल तर एप्रिलमध्ये खोल खणून गड्डे आणि मुळ्या वर काढा, महिनाभर उन्हात सुकू द्या, मग वेचून आवाराबाहेर न्या. परत मातीत दाबू नका. मृगाचा पाऊस झाला की लगेच लावायची घाई करू नका. तण उगवू द्या, दहा-बारा दिवसांनी वरवर खुरपून काढा. पुन्हा उगवू द्या, पुन्हा काढा. खुरपं दोन इंचांखाली गेलं की खालचं झोपलेलं बी वर येतं, म्हणून वरवरच. या दोन फेऱ्यांनी पुढच्या निंदणाचं ओझं खूप हलकं होतं. मग आर्द्रा-पुनर्वसूत, म्हणजे जूनच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, लागवड.

गाजरगवत फुलण्याआधी उपटायचं, हातमोजे घालून. काहींच्या अंगाला त्यानं भयंकर खाज सुटते. आवाराबाहेरच्या मोकळ्या जागेत तरोट्याचं (टाकळ्याचं) बी फेकलं तर तरोटा दाट होऊन गाजरगवताला दाबतो. पावसाळ्यात गाजरगवतावर पट्ट्यापट्ट्यांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे आहेत, ते गाजरगवतच खातात.

रोप लावताना पिशवी उभी कापून काढा. मुळं गोल फिरलेली असतील तर तीन बाजूंनी चाकूनं उभा छेद द्या, नाहीतर पाच वर्षांनंतरही झाड वाऱ्यात मुळासकट आडवं होतं. मातीची पातळी पिशवीत होती तेवढीच राहू द्या. काळ्या जमिनीत बोटभर वर. खत एवढंच. पुढच्या वर्षांत खत देऊ नका. रानझाडं जास्त खतानं लांबट होऊन लोळतात आणि फायदा तणाला होतो. युरिया तर या बागेत आणूच नका.

आच्छादनाला कुटार (भुसा), धानाचं तणस, वाळलेली पानं, तुराट्यांचे तुकडे, जे मिळेल ते. जाडी तीन-चार इंच, खोडापासून चार बोटं दूर. भारी जमिनीत ते जूनमध्ये टाकू नका. सततच्या ओलीनं बूड सडतं. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी टाका. त्याआधी वरची दोन इंच माती एकदा खुरपून भुसभुशीत करा, म्हणजे भेगा लवकर पडत नाहीत. सोयाबीनचं कुटार शेळ्यांना दुरून वास देतं, त्यामुळे फाटक लागलेलं हवं.

पाणी आणि राखण

पाणी फक्त झाडं-झुडपांना. गवत आणि कंदांना ऑक्टोबरनंतर थेंबही नको. पहिल्या वर्षी नोव्हेंबर ते मृग दर आठ दिवसांनी प्रत्येक रोपाला दहा लिटर. मुरमाड जमिनीत एप्रिल-मेमध्ये दर पाच दिवसांनी. वरच्या आवारात १६ रोपं, म्हणजे खेपेला १६० लिटर. आठ दिवसांच्या हिशेबानं पूर्ण हंगामात साडेचार हजार लिटरच्या आतच लागतं. ५००० लिटरची टाकी छताच्या पाण्यानं भरली की काम भागतं. दुसऱ्या वर्षी दर पंधरा-वीस दिवसांनी तेवढंच पाणी. तिसऱ्या वर्षी बंद. रोज तांब्याभर पाणी घालण्याची माया करू नका. मुळं वरच राहतात आणि एक आठवडा गावाला गेलात की झाड सुकतं.

जुनी ठिबकची नळी असेल तर प्रत्येक रोपाला तासाला चार लिटरचे दोन ड्रिपर, सव्वा तास. खारुताई नळी कुरतडतात, म्हणून ती आच्छादनाखाली न ठेवता उघडी ठेवा आणि दर खेपेला डोळ्याखालून घाला. ठिबक नसेल तर कुंभाराकडचं पाच-सात लिटरचं कच्च्या पोताचं मडकं रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, झाकण ठेवा, आठवड्यातून एकदा भरा. खाऱ्या पाण्यानं मडक्याची छिद्रं वर्षभरात बुजतात. मोरीचं पाणी फुकट जात असेल तर त्याच्या वाटेत उथळ चर करून कर्दळ, अळू आणि वाळा लावा. साबणाचं पाणी त्यांना चालतं.

कुंपणासाठी करवंद, सागरगोटा आणि निर्गुडी दोन ओळींत, दीड फुटावर, एकाआड एक. पहिली दोन वर्षं बाहेरून बोरी-बाभळीच्या काट्या लावाव्याच लागतात. रोही (नीलगाय) काट्यांना जुमानत नाही, पण निर्गुडी-करवंदाची दाट भिंत त्याला आत काय आहे ते दिसू देत नाही. शेजारच्या शेतातून तणनाशक वाऱ्यावर येतं, तेव्हाही हीच भिंत कामाला येते. झुडपांची नवी पानं वेडीवाकडी, दोऱ्यासारखी झाली तर रोग नव्हे, बहुधा तेच. पाणी द्या, पुढची पालवी सरळ येते.

कापणी

गवत वाळलं म्हणून दिवाळीनंतर लगेच कापू नका. बी पडायला, मुनिया पक्ष्यांना खायला आणि हिवाळ्यातला सोनेरी रंग बघायला ते उभं राहू द्या. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, होळीच्या आधी, विळ्यानं वीतभर ठेवून कापा. जमिनीलगत कापलं तर मे महिन्याच्या उन्हात झुबक्याचा गाभा करपतो. कापलेलं मारवेल गुरांना, बाकीचं झाडांखाली.

याहून उशीर करू नका, त्याला कारण आहे. रब्बी निघाल्यावर धुरे जाळले जातात आणि वाऱ्याबरोबर ती आग कुंपणातून आत येते. शेताकडच्या बाजूला आठ फुटांचा पट्टा मार्चपासून पूर्ण साफ ठेवा, वाळलेलं पानही नको. काट्यांचं कुंपण असेल तर साफ पट्टा त्याच्या बाहेरच्या अंगाला हवा, कारण वाळल्या काट्या सगळ्यात आधी पेटतात. आपलं गवतही जाळून मोकळं व्हायचा मोह आवरा. त्यात कोवळी झुडपं आणि पडलेलं बी दोन्ही जातं.

पावसाळ्यात उंच गवतात काम करताना गमबूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, आधी काठी आपटा. साप हे एक कारण. दुसरं म्हणजे गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास त्याचे रुग्ण बरेच वाढले होते. काम झाल्यावर कपडे बदलून आंघोळ करा. त्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना गवतात काम केल्याचं सांगा.

झुडपांची छाटणी जवळपास नाहीच. वाटेवर आलेली फांदी आणि वाळलेली फांदी एवढीच काढायची. तरवड दोन-तीन वर्षांनी बुडाकडे उघडा पडतो. पावसाच्या तोंडावर गुडघ्याएवढा ठेवून कापला की पुन्हा भरतो. निर्गुडीही तशीच सोसते. धायटी फुलं संपल्यावर, एप्रिलमध्ये, त्याआधी नाही.

तिसऱ्या वर्षापासून मुख्य काम म्हणजे जास्तीचं काढणं. मृगाच्या पावसानंतर दोन आठवड्यांनी एक फेरी मारा. तेरडा, कोंबडा आणि गुलबासाची रोपं वीतभर अंतरावर एक ठेवून बाकीची उपटा. दाटीत ती सगळीच किडमिडी राहतात. तिखाडी मारवेलीवर चढत असेल तर तिच्या बाहेरच्या कडेचे ठोंब फावड्यानं काढा. मधोमध पोकळ झालेला मारवेलीचा झुबका उपटून चार भाग करा, त्यातला बाहेरचा ताजा भाग परत लावा आणि जुना गाभा फेका. उरलेले ठोंब पाऊस असेपर्यंत ओल्या पोत्यात दोन दिवस टिकतात, तेवढ्यात ज्याला हवे त्याला देऊन टाका.